लाल दिव्याचा पहारा

२०१९ सालचा नोव्हेंबर. हॅलिफॅक्सला कडाक्याची थंडी होती आणि मी घरी स्मार्ट मीटर बसवून घेतला. फुकट होता. (मी फुकटातच फसतो.)

मीटरबरोबर विजेचा आकडा दाखवणारा, बॅटरीवर चालणारा एक छोटा पडदा मिळाला. वीज कमी जळाली की हिरवा दिवा, जास्त जळाली की लाल. मी त्याच्यासमोर खुर्ची टाकली. उभा जन्म खाणीत दगड फोडला. एका दिव्यावर नजर ठेवणे मला जड नव्हते.

"नोरीन, काय लावलंस?"

"काही नाही. विणतेय."

"मग सुया विजेवर चालतात?"

"चालतात. तू तोंडावर चालतोस तशा."

बायको रागावली, पण बिल कमी येणार म्हणून मी खुशीत होतो.

एका रविवारी तिची बहीण ब्रेंडा जेवायला येणार होती. आमच्याकडे आधी ग्रेव्हीबरोबर पुडिंग (गोड नव्हे, पातळ पिठाचे, ओव्हनमध्ये पुरीसारखे फुगणारे), मग मांस. आपल्याइतके उंच पुडिंग कोणाचेच फुगत नाही, असे ब्रेंडा आमच्या लग्नापासून सांगत आली होती. नोरीनला त्या दिवशी तिचे तोंड बंद करायचे होते.

पुडिंग ओव्हनमध्ये वर येऊ लागली आणि दिवा भडक लाल झाला. मी रेडिओ बंद केला. फ्रिज बंद केला. लाल तो लालच. शेवटी मेन स्विच ओढला.

घरात अंधार, आणि दिवा लाल.

नोरीनने ओव्हन उघडला. आच तुटल्याने सहाही पुडिंग बशीसारखी चपटी झाली होती.

"विल्फ," ती हळू आवाजात म्हणाली, "आता कोणाची वीज जळतेय?"

भिंतीपलीकडून भाजल्याचा खमंग वास येत होता. मी पडदा उचलून शेजारी गेलो. क्लिफर्ड एकटा राहतो, स्वतः रांधतो.

"ओव्हन बंद कर जरा."

"पुडिंग वर येताना? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"मग किटली लाव."

त्याने लावली. माझ्या हातातला आकडा टुणकन वर गेला.

"म्हणजे इतके दिवस तू माझ्या चहावर पहारा देत होतास," क्लिफर्ड म्हणाला. "नोरीनची पुडिंग?"

"बसली."

त्याने आपली सहा ताटात काढून दिली. "उसनी आहेत हं."

मी जन्मात कोणाकडून उसने घेतले नव्हते. घेतले.

ब्रेंडाने तीन खाल्ली. "नोरीन, इतक्या वर्षांत आज जमली तुला."

नोरीन गोड हसली आणि टेबलाखाली मला लाथ मारली.

पुढच्या रविवारी तिने पिठाचे भांडे माझ्यापुढे ठेवले. "उसनं तू आणलंस. तूच फेड."

मी सहा पुडिंग केली आणि नेली. क्लिफर्डने त्या सहा चपट्या बशांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि ताट आत घेतले.