खांद्यावरची नक्षी

"त्यात काय, मी शिवते की!" असं वहिनी बोलून गेली आणि स्वतःच दचकली. (तिला आपणही वहिनीच म्हणू. 'आई' म्हणणारी घरात एकच, आणि तिला अजून बोलता येत नाही.)

समोर नणंद रडवेली होऊन बसली होती. तिच्या कॉलेजातल्या बँडचा पहिला कार्यक्रम पंधरा दिवसांवर आला होता. बँड गॉथिक. म्हणजे काळे कपडे, डोळ्यांत बोटभर काजळ आणि थडग्यांवरची गाणी. गाणारी आपली नणंद मात्र झुरळ दिसलं की पलंगावर चढणारी. तिला हवी होती काळ्या मखमलीची पायघोळ केप. (मराठीत झूल म्हणता आलं असतं. वहिनीच्या नवऱ्याने तसं म्हणून पाहिलं, तर बहीण दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.) गळ्याभोवती क्रोशाने विणलेलं कोळ्याचं जाळं आणि ते अडकवायला क्रोशाचंच वटवाघूळ.

शिवणकामात वहिनीच्या नावावर शाळेतला एक रुमाल आणि एक उशीचा अभ्रा होता. अभ्र्यात उशी गेली नव्हती. क्रोशाची एक टोपी झाली होती, ती आता चहाच्या किटलीवर असते. तरी नाही म्हणायला तिला तोंड नव्हतं. मुंगी (हे तिच्या लेकीचं लाडाचं नाव, जन्मली तेव्हा एवढीशी होती, आता उचलली की कंबर कुरकुरते) पहिले तीन महिने रोज संध्याकाळी पोट दुखून किंचाळायची. वहिनी तिच्या जोडीने रडायची, आणि नणंद मुंगीला खांद्यावर टाकून थडग्यांची गाणी गुणगुणत येरझाऱ्या घालायची. मुंगी बरोबर त्याच गाण्यांवर झोपायची. याचे आभार मानायचे कसे? घरच्या माणसाला 'थँक्यू' म्हटलं की ते विचारतं, "का गं, ताप आलाय का?"

म्हणून केप.

पहिल्या आठवड्यात मखमल कापून, जोडून झाली. वहिनीने ती खिडकीशी उजेडात धरली. उजवी बाजू काळीभोर आणि डावी राखाडी! कापड एकच, तागा एकच.

"वा!" नवरा म्हणाला. "अर्धी रात्र, अर्धी पहाट. मुद्दाम केलंस ना?"

"हो," वहिनी म्हणाली. (काय म्हणणार?)

मग जाळं. काळ्या दोऱ्यावर काळा टाका घालायचा म्हणजे टाका दिसतच नाही. जाळ्याला बारा आरे हवे होते; सकाळी मोजले तर अकरा भरले, दुपारी चौदा. एका बाजूला मूठ जाईल एवढं भोक पडलं. नणंदेने त्यातून डोळा घालून पाहिलं आणि टाळ्या पिटल्या.

"वहिनी, फाटकं जाळं! किती ओरिजिनल!"

वटवाघळाला तर एक पंख छोटा, एक मोठा झाला आणि मध्ये बटाटा. शेजारच्या काकू म्हणाल्या, "भयानक आहे गं," आणि लगेच, "भयानकच हवंय ना?"

इथे वहिनीला आपल्या दुर्दैवाचा उलगडा झाला. साधा फ्रॉक शिवला असता तर लोकांनी चुका काढल्या असत्या. गॉथिकमध्ये चूक काढायची कुणाची हिंमतच होत नव्हती. उद्या केपला तिसरा हात फुटला असता तरी घरच्यांनी शाबासकी दिली असती.

चार दिवस उरले तेव्हा तिचा बांध फुटला. "कुणीतरी मला खरं सांगा हो! तिचा पहिला कार्यक्रम आहे. पोरगी चारशे लोकांसमोर उभी राहणार, आणि माझ्यामुळे हसं होणार तिचं!"

कोपऱ्यात शेंगा सोलत बसलेल्या सासूबाईंनी हात पुसले. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात होतं, त्यामुळे केप त्यांनी नुसती एकदा हातांनी चाचपली होती.

"खरं सांगू? रागावणार नाहीस?"

"नाही, आई."

"डावा भाग उलटा कापलायस. मखमलीला लव असते, ती दोन्हीकडे वरून खाली जायला हवी. तुझी एकीकडे खालून वर जाते. म्हणून रंग फिरलाय. खालची शिवण सापासारखी गेलीय. जाळ्यात चौथ्या फेरीला दोन टाके सुटलेत, तिथून पुढे सगळं सरकलंय. आणि ते वटवाघूळ मी काल लसूण समजून निवडायला घेतलं होतं."

वहिनीने डाव्या भागावरून बोट फिरवलं. "तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हाताला कळलं ना."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, तुमच्या त्या गॉथिकमध्ये असंच असेल."

वहिनीने त्यांना कडकडून मिठी मारली. मुंगी झाल्यापासूनच्या सात महिन्यांत आपल्या बाबतीत कुणीतरी पहिल्यांदाच ठामपणे चूक म्हटलं होतं, आणि इतकं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं.

केपच्या टोपीसाठी राखलेल्या मखमलीतून डावा भाग नव्याने कापला. (टोपीचा बळी गेला.) सासूबाई तळव्याने लव बघायच्या, वहिनी खडूने रेघ मारायची. जाळं उसवून पुन्हा विणायला घेतलं. वहिनी टाका घाली आणि सासूबाई डोळे मिटून बोटांनी आरे मोजत. शनिवारी मोजले, बारा. पुन्हा मोजले, तरी बारा! वटवाघूळ तेवढं तसंच राहिलं, कारण मुंगीने त्याचा कान तोंडात धरला होता आणि सोडायला ती तयार नव्हती. त्याच्या जागी साधा हुक लावला.

रविवारी दुपारी नणंदेने केप अंगावर घेतली. आरशासमोर एक गिरकी घेतली. काजळ ओघळेल म्हणून रडली नाही, नुसतं नाक ओढलं. तेवढ्यात मुंगीने तिच्याकडे हात पसरून भोकाड पसरलं, आणि नणंदेने सवयीने तिला उचलून खांद्यावर टाकलं, सवयीने पाठीवर थोपटलं...

"अगं, तिने आत्ताच दूध..." वहिनी किंचाळली.

भस्सकन आवाज झाला. काळ्या मखमलीवरून, खांद्यापासून थेट कमरेपर्यंत, पांढरा ओघळ उतरला. वहिनीने ओल्या फडक्याने पुसलं, तसा तो खांद्यावर पाच बोटांसारखा पसरला. खाली बँडची गाडी हॉर्न वाजवत होती. नणंद गेली.

कार्यक्रमभर वहिनी मुंगीला मांडीवर घेऊन शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसली. मुंगी मात्र पहिलं थडगं येताच ओळखीने हसली आणि दुसऱ्याला झोपली.

कार्यक्रम संपल्यावर नणंद धावत आली. वहिनीने एका दमात म्हणून टाकलं, "थँक्यू. त्या तीन महिन्यांसाठी. आणि सॉरी. केपसाठी."

"काय गं, ताप आलाय का?" नणंदेने तिच्या कपाळाला हात लावला. "अगं, सगळे केपबद्दल विचारतायत! आमच्या ड्रमवालीला तर ऑर्डरच द्यायचीय."

वहिनीची मान पंधरा दिवसांत प्रथमच ताठ झाली. "जाळं खूप किचकट आहे हं, आणि लव जुळवायला वेळ लागतो. पण करू. मापं घेऊन ये म्हणावं तिला."

"तसं नाही गं," नणंद चाचरली. "केप आहे तिच्याकडे. तिला फक्त खांद्यावरचा तो भुताचा पंजा हवाय."