उघडी रेघ

आमच्या घरात माझ्याआधी कोणाला सही येत नव्हती. बाबा चंद्रपुरात हातगाडीवर भाजी विकायचे. गाडीवर आपलं नाव असावं, एवढीच त्यांची हौस. आईनं दोन उन्हाळे चप्पल घेतली नाही, तेव्हा कुठे रशीदभाई पेंटरनं ब्रशच्या चार फटकाऱ्यांत लिहून दिलं: 'किसन भाजी भांडार'. अक्षरं अशी, की आत्ताच धावत येऊन थांबलीत.

बाबांना वाचता येत नव्हतं, पण नजर भाजीवाल्याची. "भाऊ, वरची रेघ शेवटी बोटभर कमी हाये."

"कमी नाई, उघडी हाये," रशीदभाई म्हणाले. "जित्या माणसाची रेघ मी बंद करत नाई. रेघ बंद, दरवाजा बंद."

पाटीचं काम आलं की हा माणूस रंग विचारायचा नाही. आधी विचारायचा, "हाये का गेला?" श्रद्धांजलीच्या फलकावर मात्र श्वास रोखून रेघ टोकापर्यंत न्यायचा, ब्रश धुवायचा आणि त्या दिवशी दुसरं नाव लिहायचा नाही. एकदा एका पुढाऱ्याची माणसं वाढदिवसाच्या बोर्डावर रेघ पूर्ण करा म्हणून हटून बसली. "करतो ना," रशीदभाई म्हणाले, "फक्त साहेबाले इचारून या." कोणी परत आलं नाही.

मी शिकलो. घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट, त्यातून कॉम्प्युटरवाला. फ्लेक्स आले आणि रशीदभाईंचं काम बसलं, तेव्हा त्यांच्याकडून सगळी अक्षरं कागदावर लिहून घेतली आणि त्यांच्या हाताचा फॉन्ट केला. उघड्या रेघा मला चूक वाटल्या. शिकलेला होतो, दुरुस्त केल्या.

बघता बघता लग्नपत्रिका, चहाच्या टपऱ्या, ब्यूटी पार्लर, वाढदिवसाचे फ्लेक्स, सगळीकडे तोच हात. रशीदभाई चौकात बराच वेळ मान वर करून उभे राहिले.

"बेटा," हळूच म्हणाले, "एवढे लोक गेले?"

मे महिन्यात मग विचित्रच सुरू झालं. दुपारी रस्ते ओस, कुत्रीसुद्धा गाड्यांखाली. चार वाजता दुकानदार उठून पाहतात, तर नावाच्या रेघेचं टोक गायब. बोटभर. रंग ओला, माणूस नाही. पार्लरवाल्या बाईंनी लिंबू-मिरची बांधली.

एका दुपारी मी माग काढत फिरलो आणि आमच्याच दुकानापाशी पोचलो. गाडीचा आता गाळा झाला होता, पाटी माझ्या फॉन्टमधली. शिडीवर रशीदभाई, ब्रश पाटीच्याच पिवळ्या रंगात बुडवलेला. खाली शिडी धरून माझे बाबा.

"पाहून काय राह्यला? धर इकडून," बाबा ओरडले. "माही रेघ उघडून राह्यले ते!"

संध्याकाळी माफी मागायला रशीदभाईंच्या दुकानात गेलो. 'सकीना आर्ट्स' ही पाटी लहानपणापासून पाहत होतो, त्या दिवशी नीट पाहिली. 'सकीना'वरच्या रेघेचं टोक सोडलेलं नव्हतं. पत्रा दिसेपर्यंत खरवडलेलं होतं.

"माही पहिली पाटी. बायकोचं नाव," ते म्हणाले. "जोशात रेघ पूरी ओढली. त्याच पावसाळ्यात ती गेली. मंग खरवडली." ब्रश पुसत राहिले. "अजूनबी वाटते, उघडी हाये तं ती येईन."

फॉन्ट दुरुस्त केला. आता शब्द संपायच्या बोटभर आधी रेघ आपोआप थांबते. फॉन्टचं नाव 'सकीना'. श्रद्धांजलीवाले बंद रेघ मागतात. ती सोय मी ठेवलेली नाही.