आडवी रेघ असलेलं तळं

बाग जवळजवळ झाली होती. अडलं होतं ते तळ्यापाशी.

ट्रेमध्ये मावेल एवढी बाग करून आणा, विषय ‘माझी आवडती जागा’, असं शाळेनं सांगितलं होतं. दोन्ही नातवंडांनी एकमतानं आजोबांची बाग करायची ठरवली. या घरात एकमत म्हणजे नवलच. आजोबांची बाग म्हणजे कोपऱ्यावरचं उद्यान. तिथल्या तळ्याकाठच्या बाकावर बसून ते रोज संध्याकाळी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चालण्यातल्या चुका काढत. त्यांना जाऊन सात महिने झाले होते.

आजीनं मागच्या भिंतीवरचं शेवाळ सुरीनं अलगद सोलून हिरवळ अंथरली. थोरल्यानं आइस्क्रीमच्या काड्यांचं बाक केलं आणि मुद्दाम एका बाजूला कलतं ठेवलं, कारण खरं बाकही तसंच होतं. तळ्यासाठी चंदेरी कागद लावून पाहिला, तर त्याला सुरकुत्या पडल्या.

“तुझ्या गालासारखं झालंय, आजी,” धाकटी म्हणाली.

“होऊ दे. वय सात आणि जीभ सत्तर वर्षांची!”

“तळं मी करते. पण तू बघायचं नाहीस. उद्या शाळेतच बघायचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेवर ओला फडका टाकून दोघं भावंडं शाळेत गेली. दुपारचा चहा झाल्यावर आजी नेहमीसारखी टेबलापाशी आली. आजोबांचा चष्मा तिथंच असे. तो रोज पुसायचा, चष्म्याच्या घरात ठेवायचा आणि घर मिटायचं, एवढंच तिचं सात महिन्यांचं काम. आज तिनं घर उघडलं, तर आत नुसता पिवळा फडका.

आजीनं तो फडका झटकून पाहिला. मग ती शोधू लागली. उशांखाली, मिसळणाच्या डब्यामागे, बुटांच्या कपाटात. हात आपोआप त्याच जागांवर जात होते, जिथं आजोबा चष्मा विसरत. चाळीस वर्षं या घरात दिवसातून दोनदा हा शोध चाले. “अगं, माझा चष्मा?” अशी हाक यायची आणि ज्याला जिथून ऐकू येईल तो तिथून ओरडायचा, “डोक्यावर बघा!” बहुतेक वेळा तो तिथंच असायचा.

तिनं मुलाला ऑफिसात फोन लावला. “अरे, ह्यांचा चष्मा सापडत नाहीये.”

“डोक्यावर बघितलं का?” तो कामाच्या नादात बोलून गेला. मग त्यानं खुर्ची मागे सरकवल्याचा आवाज आला. “येतो मी,” तो म्हणाला. “आधी शाळेत मुलांची बाग बघायला येतो. मग शोधू.”

आणि तेवढ्यात आजीला सुनेचं बोलणं आठवलं. मागच्याच महिन्यात ती म्हणाली होती, “आई, चष्मेवाल्यानं दुकानात पेटी ठेवलीय. जुने चष्मे गरजूंना देतात. बाबांचाही देऊन टाकू या का?” त्यावर आजी दोन दिवस तिच्याशी बोलली नव्हती.

“दिलास ना?” आजीनं स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

“काय दिलं, आई?”

“साळसूदपणा पुरे. चष्मा!”

सुनेच्या हातातली कणीक तशीच राहिली. “मी? तुम्हाला न विचारता?” तिचे डोळे भरून आले. पण आजीनं तोवर चपला पायात सरकवल्या होत्या. सून कणकेचे हात तसेच घेऊन मागून धावली.

चष्मेवाला भला माणूस. त्यानं अख्खी पेटी काउंटरवर पालथी केली. “कसा होता, आजी?”

“काळा. डावी दांडी दोऱ्यानं बांधलेली.”

साठेक चष्मे निघाले. सगळे काळे, आणि दोऱ्यानं बांधलेले चार. आजीनं त्या चारही चष्म्यांचे वास घेतले. शेजारी उभं असलेलं गिऱ्हाईक हळूच दोन पावलं सरकलं.

“वासावरून नंबर कळतो होय?” चष्मेवाल्यानं सुनेला हळू आवाजात विचारलं.

“त्यांच्या केसांच्या तेलाचा वास,” सून म्हणाली आणि कणकेच्या हातांनीच तिनं डोळे पुसले.

चारांपैकी एकही तो नव्हता.

पाच वाजता दोघी शाळेत पोचल्या त्या एकमेकींशी न बोलता. सभागृहात रांगेनं ट्रे मांडले होते. परीक्षक बाई नेमक्या आजोबांच्या बागेवर वाकल्या होत्या.

“तळं छान चमकतंय गं. पण त्यात ही आडवी रेघ कसली?”

“वरच्या भागातून लांबचं दिसतं, खालच्या भागातून जवळचं,” धाकटी म्हणाली.

आजीनं टेबलाची कड घट्ट धरली. मग वाकून पाहिलं. शेवाळात नीट बसवलेली चष्म्याची एक काच होती आणि काचेखाली आजोबांचा लहानसा फोटो. हा ओळखपत्राचा फोटो त्यांना मुळीच आवडत नसे. फोटोवाल्यानं चष्मा काढायला लावला होता. त्यामुळे ते त्यात डोळे बारीक करून, कुणीतरी फसवल्यासारखे बघत होते.

“फोटोत आजोबांना चष्माच नव्हता,” धाकटी म्हणाली. आजीचा चेहरा पाहून तिचा आवाज रडवेला झाला. “मग त्यांना बाग कशी दिसणार? एकच काच काढली मी. दुसरी चष्म्यातच आहे. तो दादाच्या कंपासपेटीत ठेवलाय. तुला पुसायला.”

 आजीनं मागे न बघताच हात मागे केला. तो सुनेच्या हाताला लागला. सुनेच्या मनगटावर अजून सुकलेली कणीक होती. आजी ती नखानं खरवडत राहिली.

तेवढ्यात मुलगा धापा टाकत आत आला. “आई, बाबांचा चष्मा सापडला का?”

“सापडला,” आजी म्हणाली आणि पदरानं तळं पुसू लागली. “आज डोक्यावर नव्हता रे. डोळ्यांवरच होता.”