मधुकररावांचा गुळगुळीत शत्रू

रोज सायंकाळी रेडिओला शिव्या देण्यासाठी वेळेवर घरी परतणारा मनुष्य मी यवतमाळात एकच पाहिला : आमचे शेजारी मधुकरराव. ती वर्षे कापसाच्या पडत्या भावांची होती. बाजारभावांच्या कार्यक्रमापूर्वी रेडिओवर सॅक्सोफोनची एक मृदू धून लागे. ती सुरू झाली की हे गरजत, "स्मूथ जॅझ म्हणतेत याले! जॅझ हाय का हजामत, गुळगुळीत कराले?"

तारुण्यात ते नागपूरच्या एका क्लबात सॅक्सोफोन वाजवीत. खरे जॅझ कसे असावे, याविषयी त्यांची मते श्रुतिवचनासारखी अढळ होती. वादकाने ऐन वेळी नवे रचावे, अंगावर यावे, श्रोत्याला खुर्चीत सुखाने बसू देऊ नये. "हे आयकून तं माणूस जांभई देईन, शास्त्रीजी!" त्यांच्या संतापाविषयी मला आदर होता. वेदपाठशाळेत स्वर गिळणाऱ्या विद्यार्थ्याकडे आमचे गुरुजी याच दृष्टीने पाहत.

तथापि मला संशय येऊ लागला. तिरस्कृत वस्तू मनुष्य टाळतो. हे मात्र तिच्यासाठी अर्धा चहा टाकून उठत. शिवाय वादकाने दम घेण्यापूर्वीच यांची छाती श्वासाने फुगे, आणि बोटे मांडीवर हलू लागत. एकदा सायंसंध्या आटोपून मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो व धून संपेपर्यंत त्या बोटांवरच दृष्टी ठेवली. धून संपली, निवेदक हवामान सांगू लागला.

"वादक आपल्या परिचयाचा दिसतो," मी म्हणालो.

"छे! कोन फालतू माणूस हाय, काय मालूम!"

आतून वहिनी उद्गारल्या, "फालतू काहून म्हणता सोताले? तुमीच तं वाजवून आले न रेडिओ टेशनात!"

मधुकररावांचा चेहरा उतरला. "नागपूरच्या दोस्तायले सांगू नोका, शास्त्रीजी. पंगतीतून उठवतीन मले."

"सांगणार नाही. पण आपण हे वाजविलेत तरी का?"

"खरं जॅझच वाजवाले गेलतो. तिथल्या साहेबानं सांगतलं, याच्यानंतर कापसाचे भाव लागतीन. मंग हातच चालेना. भाव आयकाले बसलेला माणूस पयलेच जीव मुठीत धरून बसते. त्याच्या आंगावर आपन अजून कायले जा?"

एवढ्यात भाव आला. कालच्याहून खाली होता.

मधुकररावांनी रेडिओ बंद केला नाही. त्यावर अलगद हात ठेवून ते पुटपुटले, "अजून हळू वाजवाले पायजे होतं."