दरोडेखोर आणि तिरका लंबक

"बाबा, काहीही झालं तरी आज झोपायचं नाही," लेकीने सकाळपासून तिसऱ्यांदा बजावलं.

"मी काय मुद्दाम झोपतो?" घड्याळजी कुरकुरले. पण आवाजात जोर नव्हता, कारण त्यांचा पूर्वेतिहास बरा नव्हता. डोळ्याला भिंग लावून तीन-तीन तास मनगटी घड्याळाच्या पोटात चिमटा घालून बसणारा हा माणूस, सिनेमा सुरू झाला की पाट्या संपायच्या आत घोरू लागे. सख्ख्या भावाच्या लग्नाची चित्रफीतसुद्धा त्यांनी पूर्ण पाहिलेली नव्हती, आणि त्यात तर ते स्वतःच नाचले होते.

आज मात्र प्रसंग बाका होता. लेकीने पसंत केलेला मुलगा दुपारी घरी यायचा होता. तो कॉलेजात चित्रपटांचा रसास्वाद शिकवायचा आणि येताना स्वतःचा आवडता सिनेमा घेऊन येणार होता. घोड्यांवरच्या दरोडेखोरांचा, अडीच तासांचा आणि लेकीच्या शब्दांत 'संथ, वातावरणाचा'.

"वातावरणाचा म्हणजे?"

"म्हणजे त्यात फारसं काही घडत नाही, बाबा. नुसतं जाणवतं."

"आणि मला नाही जाणवलं तर?"

लेक म्हणाली, "त्याच्या घरी सगळे या विषयातले आहेत. त्याला आपलं घर आवडावं, एवढंच वाटतं मला."

'आपलं घर' म्हणजे आपण, हे घड्याळजींना बरोबर कळलं आणि लागलंही. पोरीला आपली लाज वाटते की काय, या विचाराने त्यांना जेवण गेलं नाही. आज डोळ्यांत तेल घालून बसायचं आणि रसास्वाद म्हणजे काय ते दाखवूनच द्यायचं, असं त्यांनी ठरवलं.

मुलगा आला. उंच, दाढीवाला, बोलायला मऊ. पडदे ओढले गेले. घड्याळजी हट्टाने घरातल्या सर्वांत टोचणाऱ्या लाकडी खुर्चीवर बसले आणि घरातला कर्ता म्हणून रिमोट त्यांनी स्वतःच्या मांडीवर ठेवला.

सिनेमात एका ओसाड स्टेशनात पाच दरोडेखोर सहाव्याची वाट पाहत होते. एकाने टोपी काढली. बऱ्याच वेळाने त्यानेच ती परत घातली. अर्ध्या तासात एकूण चार वाक्यं बोलली गेली, त्यातली दोन घोड्याला उद्देशून होती. घड्याळजी स्वतःच्या मांडीला चिमटे काढत होते. काहीच ऐकू येत नाही म्हटल्यावर त्यांनी अंधारात आवाज वाढवण्याचं बटण चाचपून दाबलं. तरी काही ऐकू आलं नाही. ज्या बोटांना मोहरीएवढा स्क्रू सापडतो त्यांना रिमोट कधीच वश झाला नव्हता.

तेवढ्यात त्यांची नजर पाच डोक्यांच्या मागे गेली आणि ते ताठ झाले. भिंतीवर एक लंबकाचं घड्याळ होतं. अखेर ओळखीचं माणूस भेटलं!

पाच मिनिटं ते घड्याळाकडे बघत राहिले. मग मोठ्याने म्हणाले, "वा!"

मुलगा दचकला. "काय, काका?"

"ते घड्याळ बघा. बंद आहे. पण बंद पडलेल्या घड्याळाचा लंबक सरळ खाली लोंबतो. चाळीस वर्षं हाच धंदा करतोय मी. हा तर डावीकडे टोकाला थांबलाय. जगात असं होतं का कुठे?"

"नाही होत?"

"शक्यच नाही! म्हणजे दिग्दर्शकाने मुद्दाम केलंय. वेळच मध्ये पकडून ठेवलीय. या पाच जणांना पुढेही जाता येत नाही आणि मागेही!" आपण हे बोललो यावर घड्याळजींचा स्वतःचाच विश्वास बसेना.

मुलगा पुढे सरकला. "काका, पाच वेळा पाहिलाय मी, पण हे लक्षातच आलं नव्हतं. आणि नटांची शिस्त बघा. पापणीसुद्धा हलत नाही कुणाची."

"धूळसुद्धा हवेतच थांबलीय," घड्याळजी म्हणाले. आता त्यांना कोण आवरणार होतं?

लेकीने तोंडावर उशी धरली होती आणि तिचे खांदे हलत होते. पोरीला भरून आलंय, असं वाटून घड्याळजींनाही भरून आलं.

"काका, तुम्ही आमच्या वर्गात या," मुलगा म्हणाला. "याच दृश्यावर बोला. मी विभागप्रमुखांना आत्ताच कळवतो." त्याने पडद्याचा फोटो काढला, खाली लंबकाबद्दल चार ओळी खरडल्या आणि पाठवून दिल्या.

इतक्यात घड्याळजींची बायको चहा घेऊन आली. पडद्याकडे बघून म्हणाली, "अहो, हे किती वेळ थांबवून ठेवलंय? मी आधण ठेवायला गेले तेव्हाही हेच होतं." आणि तिने त्यांच्या मांडीवरचा रिमोट उचलून बटण दाबलं.

लंबक उजवीकडे गेला. धूळ उडाली. मधल्या दरोडेखोराने नाक खाजवलं. आणि मुलाच्या फोनवर विभागप्रमुखांचं उत्तर आलं, 'निरीक्षण विलक्षण. शनिवारी नक्की बोलवा.'

घड्याळजींना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. लंबक तिरका थांबत नाही हे जगात ज्याला सर्वांत चांगलं ठाऊक, त्यानेच त्याचा अर्थ लावला होता. ते हळू आवाजात म्हणाले, "चूक माझी. बटण मीच दाबलं. पोरी, तुझं हसं केलं गं मी."

"नाही काका," मुलगा कानापर्यंत लाल झाला होता. "मी पाच वेळा लावलाय हा सिनेमा, पण या स्टेशनाच्या पुढे एकदाही गेलेलो नाही, दर वेळी इथेच डोळा लागतो. पुढचं सगळं लेख वाचून शिकवतो."

कुणी चहाला हात लावेना. लेकीने उशी बाजूला केली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते हसून हसून आलेलं.

"पडद्याच्या कोपऱ्यात सिनेमा थांबल्याच्या दोन रेघा उमटल्या तेव्हाच मला कळलं होतं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?" घड्याळजी कळवळून म्हणाले.

"बोलणारच होते, बाबा. तेवढ्यात यानेही मान डोलावली. म्हटलं, काळजी मिटली. हा तर आपल्या घरातलाच निघाला!"