डब्यातला आठ टोकांचा प्रवासी

हरणाची शिकार आणि टारगट पोरांची शिकार यांत फरक काय? काहीच नाही! हे मी आमच्या बार्टन मिल्स गावातल्या प्रत्येकाला ऐकवलं होतं. तीस वर्षं दर नोव्हेंबरात मी मिशिगनच्या रानात बसतो. एकही हरीण मारलेलं नाही, हे खरं. पण बसलोय तर तीस वर्षं!

प्रश्न होता आमच्या रेल्वेच्या डब्यांचा. शहरापर्यंत रोजची गाडी सुरू होणार म्हणून चार दुमजली डबे नव्या गाद्या घालून आणून ठेवले, त्याला सहा वर्षं झाली. गाडी दर वर्षी 'पुढच्या वसंतात' सुरू होते. तोवर टारगट पोरं त्यांच्या काचा फोडणार, रंगाच्या फवाऱ्याने भिंतींवर नको ते लिहिणार. शेवटी रेल्वे कंपनीच्या प्रुइटबाईंनी बजावलं, "आणखी एक काच फुटली, की डबे दुसऱ्या गावाला!"

हे ऐकून माझ्या बायकोने, मार्लिसने, धसकाच घेतला. ती शहरातल्या इस्पितळात नर्स आहे. थंडीत त्या निसरड्या रस्त्यावरून मोटार हाकत जाते आणि परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला. गाडी सुरू झाली की ती खिडकीशी बसून विणकाम करत जाणार, असं आमचं सहा वर्षं ठरलेलं.

"तू काळजी करू नकोस," मी छाती फुगवून म्हणालो. "एकेकाला पकडतो!"

"वेंडेल, तू काही करू नकोस. मला त्याचीच काळजी वाटते."

शिकारीच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे शाळेला सुट्टी. मोठे सगळे बंदुका घेऊन रानात, पोरं मोकाट! मी नेमका तोच दिवस धरला. पहिल्या डब्याचं दार सताड उघडं टाकलं, आत आमिष म्हणून डोनटचा खोका आणि रंगाच्या फवाऱ्याचे दोन कॅन ठेवले आणि शिकारीचा कोट चढवून बाकाखाली आडवा झालो. त्या कोटावर हरिणीचं मूत शिंपडलेलं. दुकानात बाटलीत मिळतं. वासाने नर वेडा होऊन येतो म्हणतात. माझ्याकडे आजवर एकही आला नव्हता, म्हणून यंदा अख्खी बाटली ओतली होती.

दुपारी दारात पावलं खडखडली. "सापडलास लेका!" म्हणत मी डोकं बाहेर काढलं. समोर चार पाय!

हा एवढा थोरला नर! रानातल्या बंदुकांना भिऊन गावात शिरलेला आणि माझ्या वासावर भाळलेला. आधी त्याने डोनट खाल्ले. मग खिडकीच्या काचेत त्याला दुसरा नर दिसला, आपल्या हरिणीवर डोळा ठेवणारा! धाडकन शिंगं घातली. काच गेली. पुढच्या खिडकीत तोच हलकट पुन्हा हजर! धाड! आणि त्या दोघांच्या भांडणातली हरिणी म्हणजे मी! जिना चढून वर पळालो आणि मार्लिसला फोन लावला.

"मार्लिस, हरीण माझ्या मागे लागलंय!"

"हरणाच्या मागे तू लागायचं असतं, वेंडेल."

"अगं, रेल्वेच्या डब्यात आहे ते!"



"काचा?" तिने विचारलं.

"मोजतोय."

"मोजू नकोस. मी ड्वेनला पाठवते."

ड्वेन म्हणजे आमचा पोलीस. तो पोचेपर्यंत खालच्या मजल्यावरची एकही काच शाबूत नव्हती आणि नर निघून गेला होता. मी बेड्यांसाठी हात पुढे केले.

"शिंगांना टोकं किती?" ड्वेनने विचारलं.

"आठ."

"आठ! एवढा मोठा नर! आणि तुझी बंदूक?"

"घरी."

"लाज वाटत नाही तुला?"

संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाने माझी छीथू केली, तीही काचांसाठी नव्हे! "तीस वर्षांत एक आला, तोही आपल्या पायांनी, आणि हा माडीवर!" काचांबद्दल बोलल्या फक्त प्रुइटबाई. "अहो, पोरांना सहा वर्षांत जमलं नाही ते तुम्ही एका दुपारीत केलंत!"

पुढच्या आठवड्यात इंजिन आलं आणि डबे घेऊन गेलं. त्यांची चाकं फिरताना पहिल्यांदाच पाहिली. मार्लिस शेजारी उभी होती. मग मोटारीची किल्ली काढून इस्पितळाच्या वाटेला लागली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

आता रोज सकाळी तिच्या मोटारीवर साचलेला बर्फ मी खरवडून देतो. प्रायश्चित्त म्हणा हवं तर. ती आत बसून हात चोळत बघत असते, आणि मी पुढच्या बाजूला आलो की न चुकता ओरडते,

"जपून, वेंडेल! काच आहे ती!"