मानक घाण, प्रत क्रमांक दोन

"मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," असं आजोबांनी बाकावरच्या मंडळींना आधीच बजावलं. लस टोचल्यावर कुणाला घेरी येते का, हे बघायला सगळ्यांना अर्धा तास त्या बाकावर बसवतात. घेरी कुणालाच येत नाही, त्यामुळे ऐकायला वेळ असतो. शिवाय आजोबा लसी शोधणाऱ्या एका संस्थेत तेहतीस वर्षं टंकलेखक होते. जे घडलं ते आणि जे घडलं नाही ते, दोन्ही त्यांनीच टाइप केलं होतं.

कोणतीही गोष्ट करण्यापूर्वी ती नियमात बसवावी लागते, हे शास्त्राचं पहिलं तत्त्व आहे. दुसरं तत्त्व अजून मंजूर व्हायचं आहे.

शरीराची प्रतिकारशक्ती कशी चालते, ते ही संस्था शोधत असे. शोधायला उंदीर लागत, आणि उंदरांना मावशी लागत. मावशींना मूषकगृहात बावीस वर्षं झाली होती, निवृत्तीला तीन उरली होती, आणि या काळात त्यांच्या हाताखालचा एकही उंदीर शिंकला नव्हता. मूषकगृहाला सात दारं. पहिल्या दारात चपला काढायच्या, दुसऱ्यात पाय धुवायचे, तिसऱ्यात अंगावर वारा सोडत, चौथ्यात टोपी. सातव्या दाराशी पोचेपर्यंत माणसाचं नुसतं नाव उरे (तेही पुसून घेतलं जाई). आत उंदरांना वाफवलेला भुसा, उकळलेलं खाणं आणि गाळलेली हवा. एवढी बडदास्त मावशींच्या घरी अंथरुणाला खिळलेल्या यजमानांचीही नव्हती, आणि ते तसं बोलूनही दाखवत.

या उंदरांवर संस्थेने एकेचाळीस लसी यशस्वी केल्या. पैकी चाळीस माणसांवर चालल्या नाहीत. एकेचाळिसावीने एका गृहस्थाची सर्दी दीड दिवसात पळाली, पण त्याला सर्दी नव्हतीच असं मागाहून निष्पन्न झालं. (अहवालात यश शंभर टक्के. माणसं वगळून.)

अशात नवं संशोधन आलं. ते मावशींना समजावलं प्रयोगशाळेतल्या ताईने.

"मावशी, रक्तात पहारेकरी असतात ना, ते चोर बघून बघून शिकतात. आपल्याकडे चोर आलाच नाही कधी. आपले उंदीर म्हणजे तान्ही बाळं. माणूस बघा, लहानपणापासून माती चाटतो, चार आजार काढतो, मग त्याचे पहारेकरी बेरकी होतात."

"म्हणजे बावीस वर्षं मी यांना तळहातावर ठेवलं, ते वाया?"

"वाया नाही हो. जरा जास्तच झालं."

मोठ्या साहेबांनी तातडीने पावलं उचलली. सर्व उंदीर तीन महिन्यांत घाणेरडे करण्यात यावेत, असं परिपत्रक निघालं. घाण म्हणजे काय हे ठरवायला उपसमिती बसली आणि चार महिन्यांनी उठली. प्रत क्रमांक एक (रस्त्याकडेची) गुठळ्या असमान म्हणून बाद झाली. प्रत क्रमांक दोन मंजूर झाली: करडी, मध्यम ओलसर, वासास माफक. निविदा मागवल्या. आलेली घाण नमुन्याबरहुकूम आहे, असं प्रमाणपत्र तीन सह्यांनिशी जोडण्यात आलं.

मग ती तिसऱ्या दाराशी अडली. नियम चौदा: दोन तास वाफेत उकळल्याखेरीज कोणतीही वस्तू आत नेऊ नये. नियम रद्द करण्याचा अधिकार एका समितीला होता, आणि ती समिती नियम चौदा करून लगेच विसर्जित झाली होती. तेव्हा घाण उकळण्यात आली.

मावशींना राहवलं नाही. "साहेब, उकळल्यावर ती घाण राहते का हो?"

"प्रमाणपत्रावर काय लिहिलंय, मावशी?"

"घाण."

"मग झालं तर!"

तीन महिने उंदीर निर्जंतुक चिखलात लोळले. बाहेरून बघवत नव्हते आणि आतून लखलखीत होते. रक्त तपासलं, तर पहारेकरी पूर्वीसारखेच घोरत पडलेले. उपसमितीने बारकाईने विचार केला. घाण प्रमाणित होती, उंदीर प्रमाणित होते. अर्थात मधल्या मधे कुणीतरी स्वच्छता करत होतं. संशयित एकच. तिच्या फाइलीत तर स्वच्छतेबद्दलची दोन प्रशस्तिपत्रं सापडली.

मावशींना नोटीस आली. 'आपण मूषकगृहात विनापरवाना स्वच्छता करीत असल्याचे दिसून येते. पंधरा दिवसांत समाधानकारक खुलासा न केल्यास सेवा समाप्त करण्यात येईल.' मावशींनी ती लेकीकडून दोनदा वाचून घेतली. लेकीचं शिक्षण चालू होतं, यजमानांचं औषध चालू होतं, आणि दोन्ही मावशींच्या हातांवर चालू होतं. ते हात त्या रात्री त्यांनी धुतले नाहीत. न जाणो, कुणी बघत असलं तर.

खुलाशाला जोडायला जुने कागद हवेत म्हणून मावशी फाइलींच्या खोलीत गेल्या. ही खोली साहेबांच्या कक्षाच्या बरोब्बर खाली. तिथे खुडबुड ऐकू आली. एक उंदीर घाणीच्या निविदेची दुसरी प्रत खात बसला होता. अर्धा कान गायब, मिशा एकाच बाजूला, पाठीवर जुन्या मारामाऱ्यांच्या खुणा. मावशींनी बावीस वर्षांत एवढा अनुभवी उंदीर पाहिला नव्हता.

त्यांनी त्याला डब्यात घातलं. डब्यावर चिठ्ठी लावली: 'उकळलेले.' तिसऱ्या दारावरच्या पहारेकऱ्याने चिठ्ठी वाचली, वहीत नोंद केली आणि डबा आत सोडला. (आतून ओरखडण्याचा आवाज येत होता, वहीत आवाजाचा रकाना नव्हता.)

पाहुणा नवव्या पिंजऱ्यात बारा जणांबरोबर राहिला. तीन आठवड्यांत... नाही, पंधरा दिवसांचीच तर मुदत होती. बारा दिवसांत तीन उंदीर गेले. मावशी सातव्या दाराशी बसून रडल्या, कारण ते त्यांनी बोटाएवढे असल्यापासून वाढवलेले होते. उरलेले नऊ तगले. ताईने त्यांचं रक्त पाहिलं, तर पहारेकरी खडखडीत जागे, चाळिशीतल्या माणसासारखे वैतागलेले. तिने त्यांना बारा नंबरची लस दिली. लस साफ फसली. माणसांवर फसली होती, हुबेहूब तश्शी! उंदरावर लस फसण्याची संस्थेच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ. ताईने आनंदाने मावशींना मिठी मारली.

पंधराव्या दिवशी चौकशी बसली. मावशींनी सगळं सांगून टाकलं. डबा, चिठ्ठी, फाइलींची खोली, अर्धा कान.

"आणि मग," आजोबा आवाज चढवून म्हणाले, "मोठे साहेब उभे राहिले. सगळ्यांदेखत म्हणाले, 'मावशी, चूक तुमची नाही, माझी आहे. घाण उकळायच्या कागदावर सही माझी. नोटीस मागे घेतो.' मी ते जसंच्या तसं इतिवृत्तात..."

"थांबा, आजोबा." बाकाच्या टोकाला बसलेल्या बाई बोलल्या. एका मोठ्या कचेरीत त्यांनी एकोणतीस वर्षं मुख्य कारकुनी केली होती, आणि एवढा वेळ त्या हातातलं विणकाम न सोडता ऐकत होत्या. "घाण उकळली, ठीक. चिठ्ठी बघून डबा सोडला, सोडणारच. पण साहेब उठून 'चूक माझी' म्हणाले? चौकशीत? ही मात्र शुद्ध थाप हं."

आजोबांनी टोचलेला दंड चोळला.

"मावशींना घरी बसवलं ना?"

"हो," आजोबा म्हणाले. "आणि नवव्या पिंजऱ्याबद्दल साहेबांना मानपत्र मिळालं."

"मग तसं सांगा की! उगाच काहीतरी घुसडायचं मध्येच."

बाकावरच्या सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. (वाचकालाही वाटलं असल्यास त्याने ते कुणाजवळ बोलू नये.)